संगणक आला, पण सचिवाचे काय?

गावच्या विकास सोसायटीत हल्ली कधी डोकावलात, तर दोन गोष्टी नजरेला पडतील. टेबलावर नवा संगणक आणि त्याच्यामागे जुनाच गटसचिव. संगणकावर धूळ बसू नये म्हणून फडके टाकलेले. सचिवाच्या कपाळावर मात्र आठ्या.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाठोपाठ २०२३ मध्ये आदर्श उपविधी आले आणि सोसायट्यांना पंचविसाहून अधिक व्यवसायांची दारे उघडली. चांगलेच झाले. पण हे सगळे करणार कोण? संचालक मंडळ सभेपुरते जमते, चहा घेते, सह्या करते. रोजचा गाडा ओढतो तो सचिव. कर्जमागणी, सातबारा, आठ-अ, क. म. पत्रक, वाटप, वसुली, किर्द-खतावणी, सभेचे प्रोसिडिंग, ऑडिटरच्या शंका, सगळे त्याच्याच माथी. त्यात कित्येकांच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन गावे.

तुम्ही म्हणाल, पगार घेतो ना, मग करील की! इथेच आपली गल्लत होते. पगारही पुष्कळदा थकलेला असतो, ते राहू द्या. पण त्याला शिकवायचे नाही, काही विचारायचे नाही आणि चुकला की चारचौघांत वाभाडे काढायचे, ही कुठली रीत? त्याच्या हातून एक नोंद राहिली, की भुर्दंड तुम्हाआम्हालाच. मुदतीत कर्ज फेडलेल्या शेतकऱ्याची व्याजसवलत तेवढ्यावरून अडकते. म्हणजे सचिवाचे शिक्षण हा आपल्या खिशाचाच प्रश्न आहे.

कायद्यालाही हे कळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ च्या दुरुस्तीने कलम २४अ आले. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या तिघांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्याने संस्थेवर टाकली. पण दिवसभर भाषणे ऐकायची, हजेरीपटावर सही करायची आणि जेवून परतायचे, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. हात संगणकावर बसेपर्यंत शेजारी कुणीतरी बसायला हवे. गावातच बारावी झालेली, संगणक येणारी पोरेपोरी आहेत. त्यातल्या एखाद्याला मदतनीस नेमा. तो सचिवाला यंत्र शिकवील, सचिव त्याला हिशेब शिकवील.

आणखी एक. नवा धंदा सुरू करण्याचा ठराव लिहायला सचिवाला बसवता, तसे ठरावाआधी त्याचे मतही विचारा. कोणाची उधारी बुडेल आणि कोणते खत खपेल, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

वाचकहो, येत्या वार्षिक सभेत लाभांशाचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच दमात अध्यक्षांना हेही विचारा, की वर्षभरात आपल्या सचिवाला काय शिकवले? आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?