पहिली गाडी नवी की सेकंड हँड? फक्त वॉरंटी बघून ठरवू नका

लायसन्स हातात आलं की घरात चर्चा सुरू होते, नवी घ्यायची की सेकंड हँड? ‘नवीच घे, वॉरंटी असते, टेन्शन नाही’ हा सल्ला हमखास मिळतो. नवख्या चालकासाठी तो अर्धवट आहे.

नवशिक्याच्या हातून नेमकं काय बिघडतं? ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून रांगत राहायचं, फ्लायओव्हरच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची, की क्लच प्लेट झिजलीच. पार्किंगमधल्या खांबाला बंपर घासतो तो वेगळाच. वॉरंटी असते कारखान्यातल्या दोषांसाठी. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर यांची झीज सहसा त्यात बसत नाही. उरला इन्शुरन्स. झीरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टची निम्मी किंमत तुमच्या खिशातून जाते. असेल, तरी क्लेम केल्यावर नो क्लेम बोनस सहसा शून्यावर येतो.

त्यामुळे हात बसेपर्यंतची दोन वर्षं तीन-चार वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी चालवावी, असं माझं मत आहे. किमतीतली सुरुवातीची मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा ११ टक्के रोड टॅक्सही त्यानेच भरलेला असतो.

पण स्वस्त मिळते म्हणून दहा वर्षं जुनी गाडी उचलू नका. ड्रायव्हरची एअरबॅग, एबीएस आणि मागचे पार्किंग सेन्सर सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. शेजारच्या सीटची एअरबॅग तर जानेवारी २०२२ पासून. ज्याला अजून ब्रेकचा अंदाज नाही, त्यालाच या गोष्टींची गरज जास्त. म्हणून रंग आणि म्युझिक सिस्टीमच्या आधी गाडी कधी बनली तो महिना-वर्ष बघा.

खरी फसगत होते ती कागदांत. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून आरसी आणि इन्शुरन्सची मुदत तपासा, थकलेली ई-चलनं विक्रेत्यालाच भरायला लावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. ‘इन्शुरन्स चालू आहे’ एवढ्यावर थांबू नका. पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम वाढेल, तेही हिशोबात धरा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याचे पाचशे-हजार वाचवू नका.

एक अपवाद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. काही विक्रेते अजूनही जुन्या शोरूम किमतीवरून भाव सांगतात. आजची ऑन रोड किंमत काढा. फरक लाख-सव्वा लाखाचाच उरत असेल, तर सरळ नवी घ्या.