ठोक्यांचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, की त्या व्याधीस वैद्यकशास्त्र ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणते. कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर चालताबोलता माणूस लुळा पडतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो.

औषधाने, विजेच्या झटक्याने किंवा कॅथेटरच्या उपचाराने लय पूर्ववत करता येते. परंतु ती पुन्हा बिघडू शकते आणि पुष्कळदा रुग्णास त्याची जाणीवही होत नाही. म्हणून घरी ठेवावयाची देखरेख हा उपचाराचाच भाग होय. आज त्यासाठी मनगटी घड्याळे व मोबाइलशी जोडली जाणारी छोटी उपकरणे मिळतात. बोट टेकवले की अर्ध्या मिनिटात ईसीजीचा आलेख उमटतो.

हेच उपकरण परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीत आणून पाहावे. आलेख उमटेल, पण तो वाचणार कोण? लय बिघडली तर काय करावे, हे सांगणार कोण? उलट लय ठीक दिसली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रुग्ण आपणच बंद करील, हा धोका अधिक मोठा. ती गोळी चालू ठेवावयाची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह यांवरून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते, घड्याळाने नव्हे.

शासकीय योजनांचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रुग्ण घरी परतला, की नाडी त्याची आणि खर्चही त्याचाच! अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार उफराटा आहे. महाग उपचाराचा भार समाजाने उचलावयाचा आणि त्याचे फळ टिकविणारी स्वस्त देखरेख मात्र ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर सोडावयाची! शेतमजूर लुळा पडला, तर त्याची मजुरी बुडते आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या बायकोचीही. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

हे काम खेड्यात होऊ शकते. गुजरातमधील आणंद जिल्ह्यात ५० गावांतील दोन हजारांवर लोकांची अशी तपासणी मोबाइलच्या साहाय्याने झालेली आहे. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तेव्हा मागणी नेमकी असावी : उपकेंद्रात ईसीजीचे छोटे उपकरण, ते हाताळणाऱ्या आशा कार्यकर्तीस प्रशिक्षण आणि त्या कामाचा रास्त मोबदला, आलेख त्याच दिवशी वाचण्याची जिल्ह्यात व्यवस्था, आणि वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी रक्ततपासणीची जवळपास सोय.

तोवर कार्यकर्त्यांनी एक विनाखर्चाचे काम हाती घ्यावे. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी मोजावयास घरोघरी शिकवावे. ठोके वेडेवाकडे लागले म्हणजे हाच रोग, असे नव्हे. परंतु ईसीजी काढण्यास ते कारण पुरेसे आहे. आणि तो कोठे काढावयाचा, हे आपल्या जिल्हा परिषद सदस्यास विचारावे.