कात्री आणि माया

दिवाळी अंकासाठी लिहावयास बसलो की नेमके त्याच आठवड्यात घरात काहीतरी अघटित घडावे, हा आमचा कुळाचार आहे. यंदा तो आमच्या कन्येने पाळला. सोसायटीने दिवाळीची २०० शुभेच्छापत्रे करण्याचे काम तिच्यावर सोपवले. पोरीची आयुष्यातली पहिली कमाई! सौ.नी चिरोट्यांचा बेत लांबणीवर टाकला आणि आम्ही, कोणी बोलावले नसतानाही, सल्लागार म्हणून खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

कल्पना मोठी नामी होती. पत्रावर एक पणती, आणि पणतीच्या अंगावर आजीच्या इरकलीचा पोत. ही हिरवी, लाल पदराची इरकल आमच्या वडिलांनी आईला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस घेतलेली; आजवर ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या सोबतीने नांदत आलेली. पणतीखाली एक रंगीत पट्टी, आणि तिच्यातून 'शुभ दीपावली' ही अक्षरे कापून काढायची, म्हणजे त्यांतूनही मागचे तेच कापड दिसावे.

चित्रासाठी कन्या इंकस्केप वापरते. २००३ सालापासून ते कोणालाही फुकट मिळते. ज्यांच्या घरी अशी चित्रकार मंडळी नाहीत त्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. फोटो हा ठिपक्यांचा असतो. फार मोठा केला की ठिपके दिसू लागतात. इंकस्केपमधली चित्रे मात्र रेषांच्या हिशेबाची असतात. तळहाताएवढी पणती भिंतीएवढी केली तरी तिची कड स्वच्छ राहते. सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. ही कात्री रेषांच्या आकारांवर चालते, ठिपक्यांच्या फोटोवर चालत नाही.

हे ज्ञान आम्हांस मागाहून झाले. पहिल्या दिवशी कन्येने इरकलीच्या फोटोवर पणती ठेवली आणि कापण्याची आज्ञा दिली. यंत्राने नम्रपणे कळवले की, यातली एक वस्तू रेषांची नाही, सबब कापता येत नाही.

मग तिने पट्टीकडे मोर्चा वळवला. अक्षरांच्या रेषा करून ती एकमेकांस जोडली, तो शिरोरेषेवर जागोजाग भोके! मराठी अक्षरांच्या शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेल्या असतात. 'कंबाइन' म्हणून नुसती मोट बांधली आणि रंग भरण्याचा सम-विषम नियम लागू असला, तर जिथे दोन आकार एकावर एक येतात ती जागा रिकामी धरली जाते. त्यानंतर वजाबाकी केली, तर पट्टी आणि अक्षरे दोन्ही गुप्त!

"बाबा, तुम्ही जरा चहा घेऊन या ना," कन्या म्हणाली. आम्ही सल्लागारपदाचा राजीनामा दिला.

तिसऱ्या संध्याकाळी तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात चित्र द्यायचे होते. कोपऱ्यात वाती वळत बसलेली आमची आई उठली, आत गेली, आणि इरकल व शिवणाची मोठी कात्री घेऊन आली.

"अगं, रडतेस कशाला? ही घे, काप. २०० तुकडे सहज निघतील, दे चिकटवून. मी आता कुठे नेसतेय ती!"

घरात कोणी बोलेना. ती साडी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि आईने कात्री खरोखरच पुढे धरली होती.

"नाही आजी," कन्या म्हणाली, "साडीला कात्री लावायची नाही." आणि तिने सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडले.

रात्री अकराच्या सुमारास मार्ग सापडला, तो असा. फोटो कापायचाच नसतो, झाकायचा असतो. पणती फोटोच्या वर ठेवायची, दोन्ही निवडायची आणि 'ऑब्जेक्ट' या यादीतले 'क्लिप' द्यायचे. पणतीबाहेरचे कापड दिसेनासे होते, पण जात नाही; 'रिलीज' म्हटले की सगळी साडी परत हजर.

अक्षरांना मात्र कात्रीच हवी. तिथे नुसती मोट न बांधता 'युनियन' करायचे, म्हणजे चढलेल्या शिरोरेषा एकजीव होतात, भोके पडत नाहीत. मग अक्षरे पट्टीच्या वर आणायची आणि 'डिफरन्स', म्हणजे वजाबाकी. नियम एवढाच की, वरचा आकार खालच्यातून वजा होतो. आमच्या घरी पट्टी वर होती, अक्षरे खाली. अक्षरांतून पट्टी वजा जाता बाकी शून्य राहिली, यात यंत्राचा काय दोष?

काठाची नक्षी तिने 'पॅटर्न' म्हणून भरली होती. पणती सरकवली की नक्षी जागच्या जागी राही आणि काठ भलतीकडे येई. निवडीच्या बाणाचे साधन हातात असताना वर चार छोटी बटणे दिसतात. त्यांतले शेवटचे दाबले की नक्षीही आकाराबरोबर चालू लागते.

सकाळी छापखान्यातून फोन आला: पणती रिकामी आहे! मूळ चित्रात फोटोचा नुसता पत्ता होता, फोटो आमच्याच घरी राहिला होता. तो 'एम्बेड' करून, म्हणजे चित्रातच मुरवून, पाठवायला हवा होता. शिवाय तो फोनवरून फोनवर येताना आक्रसलेला. छपाईस इंचाला ३०० ठिपके हवेत; आमची पणती सहा इंच रुंद, म्हणजे १८०० ठिपके झाले. इरकल पुन्हा स्कॅनरवर पसरली.

छापखान्याची आणखी एक मागणी होती. रंग पत्राच्या कडेपाशीच संपला होता. चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर बाहेर न्या, नाहीतर कापताना सुरी जरा सरकली की पांढरी कड दिसेल.

"म्हणजे माया ठेवा म्हणतायत," आई वातीवरून नजर न काढता म्हणाली. "ब्लाउज शिवताना आम्ही ठेवतो तीच. अंगाबरोबर कापलं की पुढच्या वर्षी उसवायला काही उरत नाही."

वाचकहो, तीन दिवस आम्हांस जे समजले नाही ते आईला एका शब्दात ठाऊक होते. झाकलेल्या फोटोची बाहेरची बाजू ही माया. कडेबाहेरचा रंग ही माया. आणि कापण्यापूर्वी मूळ चित्राची एक प्रत बाजूला ठेवणे, हीही माया. हा शेवटचा धडा कन्या आता कधी विसरत नाही.

पत्रे वेळेवर आली. पहिले आजीच्या हाती दिले. तिने पणतीवरून बोट फिरवले, पत्र उलटे करून मागची बाजूही पाहिली. "शिवण नेहमी उलटीकडून बघावी," म्हणाली, आणि इरकलीची घडी घालून तिने ती ट्रंकेत ठेवली. सबंध.

चिरोटे आज व्हायचे आहेत. वाचकांस ही दिवाळी सुखाची जावो.