काटकुळे हात, सुटलेलं पोट

लहान मुलांच्या तब्येतीबद्दल बोलायला आपल्याकडे दोनच वाक्यं आहेत. एक, "अगंबाई, किती वाळलास रे!" आणि दुसरं, "छान गुटगुटीत आहे हो!" लग्न असो, मुंज असो, नाहीतर गौरी-गणपती, मूल दिसलं की यातलं एक वाक्य ठरलेलं. मला ही दोन्ही वाक्यं आता नकोशी झाली आहेत. का, ते सांगते.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. (ताईला विचारूनच लिहितेय!) मध्यंतरी पोटदुखीसाठी त्याची सोनोग्राफी केली. पोटदुखी दोन दिवसांत थांबली, पण रिपोर्टात एक ओळ सापडली... फॅटी लिव्हर, ग्रेड १. म्हणजे यकृतावर चरबी. घरात एकच गोंधळ! आजी म्हणाली, "हा तर दारू पिणाऱ्यांचा रोग ना?" काका म्हणाले, "पण तो जाड कुठे आहे? हातपाय तर काड्या आहेत नुसत्या." दारूचा इथे काही संबंध नव्हता. या आजाराच्या जुन्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक' असं होतं, पण २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ते बदललं आणि शरीराच्या चयापचयाशी जोडलेलं नवं नाव दिलं.

काकांचा प्रश्न मात्र महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर दोघं सारखेच, आतून मात्र वेगळे. हा फरक जन्मापासूनच असतो, हेही पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून दिसलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली.

आता स्नायू कमी असले तर बिघडतं कुठे? जेवल्यावर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंत जाते. ती कोठारं लहान असली, आणि मूल दिवसभर बसलेलं असलं, की उरलेल्या साखरेची चरबी करायचं काम यकृताच्या गळ्यात पडतं. त्यात कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस! त्यातल्या फ्रुक्टोजचा निपटारा बहुतांश यकृतालाच करावा लागतो. काही दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. काही मुलांत मात्र यकृताला सूज येते, पुढे ते आतून कडक होत जातं. सुदैवाने लहान वयात लक्षात आलं तर हे बऱ्याच अंशी मागे फिरतं.

म्हणून माझं मत असं की मुलांचं वजन या एकाच आकड्याला आपण फार किंमत देतो. त्यापेक्षा घरातली शिवणाची टेप काढा. ढोबळ नियम असा की कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १४० सेंटिमीटर, तर कंबर ७० च्या आत. जास्त भरली तर घाबरू नका, पण बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

दुसरं मत जरा तिखट आहे. रिपोर्ट आला की आपण काय करतो? मुलाला 'डाएट'वर ठेवतो! त्याच्या ताटात दुधी, आणि शेजारी बाबा कोल्ड्रिंक पिणार, ताई आइस्क्रीम खाणार. आजारी लेकराला ही शिक्षा कशासाठी? २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांपैकी निम्म्यांच्या खाण्यातली वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून जेमतेम २०. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे जेवण एकट्या मुलासाठी नव्हतं, घरातल्या सगळ्यांसाठी होतं. असंच हवं!

आणि खेळाचा तास. परीक्षा जवळ आली की तो हमखास गणिताला किंवा विज्ञानाला जातो, आणि पालकांना त्यात काही गैर वाटत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, हे चांगलंच झालं. पण फलक वाचून स्नायू वाढत नाहीत. त्यासाठी खो-खो हवा, दोरीवरच्या उड्या हव्यात, आणि ताटात उसळ, वरण, ताक, चालत असेल त्यांना अंडं.

ताईकडे सध्या कोल्ड्रिंक कुणासाठीच येत नाही, अगदी पाहुण्यांसाठीसुद्धा. थोडी कुरकुर झाली, पण चाललंय. तेव्हा आत्या, मामी आणि समस्त वाचकहो, दिवाळीत तिच्याकडे जाल तेव्हा ती मोठी बाटली नेऊ नका. काही न्यायचंच असेल तर बॅडमिंटनची फुलं न्या. आणि हो, पंधरा मिनिटं त्याच्याशी खेळूनही या!