‘आचंद्रार्क’ म्हणजे किती काळ?

शिलाहार राजांच्या काळीं कोंकणांत भूमिदानाच्या शिळा उभारीत व त्यांच्या माथ्याशीं सूर्य-चंद्र कोरीत. हेतु हा कीं, ते दोघे आहेत तोंवर दान अबाधित राहावें. ‘आचंद्रार्क’ हा शब्द आम्हीहि निबंधांत ‘अनंतकाळ’ या अर्थीं सहज लिहून जातों. आमच्या मतें तो आतां जपून लिहावा. कारण त्यांतील अर्काचा हिशेब लागला आहे.

सूर्याच्या गाभ्यांत दर सेकंदास सुमारें ६० कोटि टन हायड्रोजनचें हेलियम होतें व त्यांतील सुमारें ४० लक्ष टन वस्तुमान ऊर्जेच्या रूपानें बाहेर पडतें. सूर्याचें स्वतःचें वजन त्यास आंत ओढतें, आंतील उष्णतेचा दाब त्यास बाहेर ढकलतो. या तोलावर तो उभा आहे. हें इंधन अदमासें ५०० कोटि वर्षें पुरेल. तेल सरलें कीं दिव्याची ज्योत बारीक होते, येथें उलट. सूर्य प्रथम फुगून तांबडा होईल, मग बाहेरचे थर अवकाशांत सोडील, आणि मागें पृथ्वीएवढा, हळूहळू निवत जाणारा श्वेत बटु उरेल.

सर्वच ताऱ्यांस असें शांत मरण लाभत नाहीं. श्वेत बटूचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें १.४ पटींहून अधिक असूं शकत नाहीं, या सिद्धांताचें गणित सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांनीं १९३० सालीं मुंबईहून विलायतेस जातांना बोटीवर आरंभिलें. तेव्हां त्यांचें वय १९ वर्षांचें होतें. (प्रवासांत आम्ही काय करतों, तें न लिहिलेलें बरें!) फार मोठ्या ताऱ्यांत एकामागून एक इंधनें जळत अखेर गाभा लोखंडाचा होतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाहीं. मग गाभा एका सेकंदाच्या आंत कोसळतो, आणि तारा फुटतो.

असा एक तारा वृषभ राशींत चिनी ज्योतिष्यांनीं ४ जुलै १०५४ रोजीं पाहिला. २३ दिवस तो भर दिवसा दिसला, आणि रात्रीं तर एप्रिल १०५६ पर्यंत. आतां आमच्या अंबरनाथचें शिवालय पाहा. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे १०६० हें साल आहे. तारा फुटल्यास तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. आषाढांतील ढगांनीं त्याचें दिवसाचें तेज झांकलें असेल. पण कार्तिक-मार्गशीर्षांत आकाश निवळलें तेव्हांहि तो होताच. वालधुनीच्या कांठच्या लोकांनीं मान वर केली नसेल, हें आम्हांस पटत नाहीं. शिलालेखांत मामवाणी राजाचें नांव आहे, अमात्यांचीं नांवें आहेत; ताऱ्याविषयीं एक ओळ नाहीं. डॉ. जयंत नारळीकर व डॉ. सरोजा भाटे यांनीं जुने भारतीय ग्रंथ धुंडाळले, तरी या ताऱ्याची निःसंशय नोंद हातीं आली नाहीं. पाहिलेलें कोणी लिहिलें नाहीं, किंवा लिहिलेलें टिकलें नाहीं. दोन्ही सारखेंच वाईट.

कोणी म्हणेल, आतां खोडदला तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण मृत ताऱ्यांचे स्पंद टिपते. शाळेंतील मुलांनीं काय लिहावें? २०१९ च्या अखेरीस मृगांतील तांबडा काक्षी मंदावूं लागला व फेब्रुवारी १९२० नव्हे, अगदीं अलीकडच्या २०२० च्या फेब्रुवारींत तो रोहिणीहूनहि फिका झाला होता. तो मेला नाहीं, धुळीनें झांकोळला, असें पुढें ठरलें. पण उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गांवांतील किती मुलांनीं हें नुसत्या डोळ्यांनीं पाहून टिपून ठेविलें?

आमची सूचना लहान आहे. शाळेंत एक वही ठेवावी. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत दर शनिवारीं रात्रीं काक्षी रोहिणीहून तेजस्वी कीं मंद, एवढेंच तारीख घालून लिहावें. बदलापूरच्या मुलांनीं बारवीच्या बाजूस, दिव्यांपासून दूर जावें. उल्हासनगरच्यांस गच्चीहि पुरे, कारण हे दोन तारे शहराच्या झगमगाटास अजून दाद देत नाहींत. काक्षी फुटण्यास आणखी लाखभर वर्षें लागतील असा अंदाज आहे. वहीस मात्र येत्या मार्गशीर्षांतच आरंभ करतां येईल.