अपील मागे घेतले, पण गोलंदाजाचे काय?

मुलांनो, आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माचे नाव तुम्ही ऐकले असेलच. २७ मे २०२५ रोजी लखनौच्या मैदानावर तो बंगळूरू संघाचा कर्णधार होता. जिंकायला २२८ धावा हव्या होत्या. जितेश गोलंदाजाच्या बाजूला उभा होता. चेंडू हातातून सुटण्याआधी तो रेषेबाहेर गेला. गोलंदाज दिग्वेश राठीने बेल्स उडवल्या आणि धावचीतचे अपील केले. लखनौचा कर्णधार ऋषभ पंत याने अपील मागे घेतले. इकडे तिसऱ्या पंचांनीही नाबाद ठरवले, कारण राठीची गोलंदाजीची क्रिया पूर्ण झाली होती. जितेशने पंतला मिठी मारली, ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि सामना जिंकून दिला.

पंतच्या दिलदारीचे खूप कौतुक झाले. आपला माणूस वाचला म्हणून आपण वऱ्हाडचे लोकही खूश! पण राठीने कोणता गुन्हा केला होता? पंच निर्णय देणारच होते, मग अपील मागे घेण्याची घाई कशाला? कर्णधाराने आपल्याच गोलंदाजाला असे कमी लेखू नये, असे रविचंद्रन अश्विनने म्हटले. मला ते पटते.

१९४७ साली सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी बिल ब्राऊनला असेच धावचीत केले. ब्राऊनला त्याच दौऱ्यात आधी ताकीद मिळाली होती. खुद्द ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. तरी पुढे मंकड यांचे नाव जणू शिवीसारखे वापरले गेले. चोरून पुढे सरकणारा फलंदाज सज्जन आणि त्याला पकडणारा रडीचा डाव खेळणारा, हा कुठला इन्साफ? शेवटी २०२२ मध्ये हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून साध्या ‘धावचीत’च्या नियमात घातला गेला.

मग अपील कधीच मागे घेऊ नये काय? तसे नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिले. बॅटला चेंडू लागलाच नव्हता, म्हणून कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावले. येथे पंचांची चूक होती आणि विश्वनाथने ती दुरुस्त केली; आपल्या गोलंदाजाला त्याने खोटे पाडले नाही. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. इंग्लंडने तो सामना १० गडी राखून जिंकला.