लाऊरींचा तराजू

मध्यंतरी एका निवड समितीवर होतो. मेंदूविज्ञानातली जागा, अर्ज भरपूर. समोरच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे तीन आकडे: पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. दुपारच्या चहापर्यंत यादी निम्म्यावर आली होती आणि तोवर एकाही उमेदवाराचा पेपर कुणी उघडलेला नव्हता. मीसुद्धा नाही.

घरी परतताना ऑलिव्हर लाऊरी आठवले. प्रथिन मोजायची त्यांची पद्धत बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आपल्यापैकी बहुतेकांनी केलेली असते. आधी तांब्याचे अल्कधर्मी द्रावण, मग फोलिन रिएजंट, आणि परीक्षानळीत हळूहळू गडद होत जाणारा निळा रंग. ही पद्धत सांगणारा पेपर १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त आला. २०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या पेपरांची यादी छापली, तेव्हा हाच पहिला होता. आकडा तीन लाखांच्या वर.

लाऊरींचा जीव मात्र मेंदूच्या रसायनात गुंतलेला. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते फार्माकॉलॉजीचे विभागप्रमुख होते. मेंदूचा तुकडा गोठवायचा, त्याचे पातळ काप गोठलेल्या स्थितीतच सुकवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चेतापेशी सुटी करायची आणि तिचे वजन करायचे, असा त्यांचा उद्योग. वजन कशावर? क्वार्ट्झच्या, केसाहून बारीक तंतूवर. तंतूचे एक टोक पक्के, दुसरे मोकळे. मोकळ्या टोकावर पेशी ठेवली की तंतू किती वाकला ते बघायचे. मग त्या एवढ्याशा ऐवजातली एन्झाइम्स मोजायची. आज एकेका पेशीचे रसायन तपासण्याचा गाजावाजा चालतो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण या कामाची सायटेशन त्या निळ्या रंगाच्या पेपरच्या जवळपासही पोचत नाहीत. तो आपला थोर पेपर आहे असे खुद्द लाऊरींनाही वाटत नव्हते. मिळणाऱ्या प्रतिसादाने मनातून गुदगुल्या होतात, एवढे मात्र त्यांनी कबूल केले होते.

एच-इंडेक्स आला २००५ मध्ये. तो काढणारे होर्हे हर्श हे भौतिकशास्त्रज्ञ. एखाद्याचे ४० पेपर प्रत्येकी किमान ४० वेळा उद्धृत झाले असतील, तर त्याचा एच ४०. या हिशेबात लाऊरींचा तीन लाखांचा पेपर फक्त एक धरला जातो. एकूण सायटेशन मोजली तर सारे लाऊरी त्या एका पेपरात बुडतात. दोन्ही हिशेब चोख, आणि क्वार्ट्झचा तंतू दोन्हींत सापडत नाही.

सायटेशनवरून कळतो तो वापर. अमायलॉइड-बीटाचा एक विशिष्ट प्रकार स्मृती बिघडवतो, असे सांगणारा २००६ चा ‘नेचर’मधला पेपर दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांवर जाहीर शंका घेतली गेली आणि २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. ज्यांनी तो उद्धृत केला त्यांच्यापैकी किती जणांनी ती चित्रे नीट पाहिली असतील? उलट १९७१ चे जॉन ओ’कीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांचे ‘ब्रेन रिसर्च’मधले टिपण जेमतेम पाच पानांचे. हिप्पोकॅम्पसमधल्या ७६ पेशी नोंदल्या आणि त्यांतल्या केवळ आठ पेशी, उंदीर कुठे आहे त्यानुसार, चेतत होत्या. याच प्लेस सेल्सच्या शोधासाठी ओ’कीफना नोबेल मिळाले २०१४ मध्ये. त्यांनी १९७२ साली अर्ज केला असता, तर आमच्या तक्त्यात ते दुपारच्या चहाआधीच गळाले असते.

आकडे टाकूनच द्या, असे मी म्हणत नाही. दोनशे अर्ज आले की चाळण लागतेच. पण शेवटच्या पाचांत उरलेल्या प्रत्येकाचा एक तरी पेपर, पद्धतीच्या भागासकट, समितीतल्या कुणीतरी वाचलेला असावा. एका संध्याकाळचे काम आहे.

आमच्या या नियतकालिकापुरते ठरले आहे. पुढच्या अंकापासून लेखक-परिचयात एच-इंडेक्स छापला जाणार नाही. लेखकांनी आपले तीन पेपर कळवावेत आणि प्रत्येकात स्वतःच्या हाताने काय केले ते दोन ओळींत लिहावे.